त्या पत्राच्या जागी

आप्पा, मोटार चालूच होती म्हणे.

तुमची पाळी अकराला संपते. सव्वाअकरा झाले तरी विहिरीचं पाणी तुमच्याच कांद्यात चाललेलं पाहून तुमचा चुलतभाऊ दत्तू बांधावरून हाका मारत आला. भांडायला नाही आला. त्यानं मला नंतर सांगितलं की दुसरा कोणी असता तर त्याला वाटलं असतं, घेतलं असेल जरा जास्त, भावकीतच आहे. पण तुम्ही उभ्या जन्मात त्याच्या पाळीतलं घोटभर पाणी घेतलेलं नव्हतं, त्यामुळं घड्याळ बघितलं तेव्हाच तो हातातलं काम टाकून निघाला. तुम्ही वाफ्याच्या कडेला पडला होतात. खोरं शेजारी होतं आणि पाणी तुमच्या पायांवरून पुढं जात होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, फार वेळ लागला नसेल. दत्तूनं आधी पळत जाऊन मोटार बंद केली आणि मग तुम्हाला हात लावला. ह्याचं त्याला फार वाईट वाटतं. मी त्याला म्हटलं, आप्पांनी तुला हेच सांगितलं असतं.

परवा तुमचा दहावा झाला. मांडवगणच्या चौकात तुमचा फ्लेक्स अजून आहे. त्यात तुम्ही निळा कोट घातला आहे. फोटो स्टुडिओवाल्यानं कुणाच्या तरी अंगावरचा कोट काढून तुमच्या गळ्याखाली बसवला आहे, आणि तो तुम्हाला खांद्यात मोठा होतो. सलीम आणि मी त्या फ्लेक्सपुढं उभे होतो. सलीम म्हणजे आपल्या यार्डातला दोन नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर, तुमचा जोडीदार. तो म्हणाला, आप्पांनी हा कोट बघितला असता तर म्हणाले असते, वरची गुंडी लावायला जागाच न्हाई. आम्ही दोघं हसलो.

मी तुमच्याबद्दल लिहायला बसलोय खरा, पण तुमच्यापेक्षा माझ्याबद्दलच जास्त लिहिणार आहे, हे आधीच सांगतो. तुमचं सगळं सरळ होतं. वाकडं जे आहे ते माझ्याकडं आहे.

वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. भांडगावच्या आमच्या डेपोत बंदरावरून रेल्वेनं कंटेनर येतात. ते रेकवरून, म्हणजे मालगाडीवरून, उतरवून यार्डात ओढत न्यायचे आणि इकडचा माल भरलेले कंटेनर परत रेकला आणून लावायचे, हे काम करणाऱ्या गाडीला यार्डात सगळे घोडा म्हणतात. आप्पांनी वीसेक वर्षं डिझेलचा घोडा चालवला. मी त्या यार्डाचा मॅनेजर. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, इंजिनीअर झालेला, आणि यार्डात पहिल्या दिवशी इस्त्रीच्या पँटवर ग्रीसचा डाग पडला म्हणून अर्धा तास चिडचिड केलेला. तो डाग रॉकेलनं काढून देणारे आप्पा.

दोन वर्षांपूर्वी हेड ऑफिसनं ठरवलं की डिझेलचे घोडे काढायचे आणि बॅटरीवरचे आणायचे. बंदरावरही तेच करायचं होतं, पण आधी आपल्या डेपोत करून बघायचं, जमलं तर तिकडं न्यायचं. सहा गाड्या आल्या. पांढऱ्या शुभ्र. धूर नाही, आवाज नाही. तुम्ही एकीच्या भोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटवर हात ठेवला आणि मला विचारलंत, "ही चालू हाय का बंद, ह्ये बाहेरच्या माणसाला कळाया नगं व्हय?" मी म्हटलं, स्क्रीनवर दिसतं. तुम्ही म्हणालात, स्क्रीन आत हाय, माणूस बाहेर हाय. दुसऱ्या दिवशी तुमच्या गाडीच्या पुढच्या बंपरला बैलाच्या गळ्यातली घुंगरांची चाळ बांधलेली होती. मी ती काढायला लावली. बंदराच्या दर्जाची गाडी आहे आप्पा, बैलगाडी नाही, असं सगळ्यांसमोर बोललो. तीन महिन्यांनी कंपनीनंच पत्रक काढून सहाही गाड्यांना भोंगे बसवले, गाडी हळू चालली तरी वाजत राहणारे. चाळ मात्र तुम्ही घरी नेली नव्हती, तुमच्या लॉकरमध्ये होती. काल लॉकर उघडला तेव्हा वाजली.

आपला खरा वाद चाळीवरून नव्हता. तो चार्जिंगवरून होता.

वेळापत्रक मी केलं होतं. पुण्याहून आलेल्या सल्लागाराबरोबर बसून, रंगीत. सकाळची रेक सुटली की साडेआठ ते साडेदहा यार्ड मोकळं, तेवढ्यात सहाही गाड्या एकदम चार्जरला लावायच्या. कागदावर इतकं सुंदर दिसत होतं की मी त्याची प्रिंट केबिनच्या दारावर लावली. तुम्ही ती उभ्याउभ्या वाचलीत आणि म्हणालात, साहेब, साडेआठला न्हाई जमायचं, ह्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा हाय. मी तुम्हाला समजावून सांगितलं की आपलं कनेक्शन कारखान्याचं आहे, शेतीचा त्याच्याशी संबंध नाही. किती शांतपणे समजावलं होतं मी. लहान मुलाला समजावतात तसं.

"कनेक्शन येगळं असंल," तुम्ही म्हणालात, "पर सबस्टेशन एकच हाय ना."

सबस्टेशन एकच होतं. नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर होता आणि मंजूरच होता. शेतीची थ्री फेज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात, कारण प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, लाईट आली की मोटार आपोआप चालू. ही गोष्ट भांडगावातल्या, मांडवगणमधल्या कुणालाही ठाऊक होती. मला आणि पुण्याच्या सल्लागाराला ठाऊक नव्हती. साडेआठला व्होल्टेज पडायचं आणि आपले चार्जर एकामागून एक ट्रिप व्हायचे. मी चार्जरच्या कंपनीला मेल पाठवत राहिलो.

मग गेल्या वर्षीचा एप्रिलमधला तो दिवस. त्या दिवसाबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही. सायडिंगवर त्या दिवशी एक जादा रेक उभी, आणि तिला लावायचा डाळिंबाचा एक थंड कंटेनर, शिरूर तालुक्यातलाच माल, उन्हात तापत उभा. दोन नंबर आणि चार नंबर दोन्ही चार्जरवर. साडेआठ वाजले, व्होल्टेज खाली यायला लागलं. तुम्ही पळत गेलात आणि चार नंबरची गन, म्हणजे चार्जरची पिन, काढलीत, म्हणजे निदान दोन नंबरचा चार्जर तरी टिकेल. टिकला. सलीमनं दोन नंबरवर डाळिंब वेळेत रेकला लावलं. चार नंबर मात्र अर्धवट चार्जिंगवर रिकामा कंटेनर घेऊन निघाली आणि बरोबर रुळांच्या क्रॉसिंगवर बंद पडली. ती ओढून काढेपर्यंत रेक अडकली. उशीर झाला.

हेड ऑफिसला कारण हवं होतं. सिस्टीममध्ये दिसत होतं की चार नंबरची गन वेळेआधी काढली गेली आणि ती काढणाऱ्याचं कार्ड तुमचं होतं. मला कारण मिळालं. मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही, आप्पा. विचारलं असतं तर दोन वाक्यांत कळलं असतं. पण विचारलं असतं तर वेळापत्रक चुकलं हेही कळलं असतं, आणि ते माझं होतं.

लेखी समज द्यायची ठरली. इंग्रजीत टाईप केलेलं पत्र, कंपनीच्या लेटरहेडवर, खाली माझी सही आणि शिक्का. चार्जिंगच्या शिस्तीत निष्काळजीपणा, रेकला विलंब, पुन्हा असं घडल्यास पुढील कारवाई. मी ते तुमच्या हातात दिलं तेव्हा तुम्ही आधी हात पँटला पुसलेत आणि मग दोन्ही हातांनी घेतलंत. सही कुठं करायची एवढंच विचारलंत. वीस वर्षांत तुम्हाला कंपनीकडून आलेलं ते पहिलं पत्र होतं. त्याच दिवसापासून तुमची बदली गेटवर, गाड्या आत-बाहेर सोडायला.

तुम्ही गेटवर बसलात आणि चार्जर ट्रिप होतच राहिले. आता गन कुणी काढत नव्हतं, त्यामुळं सहाच्या सहा गाड्या एकदम अडकायच्या. पंधरा दिवस मी तोंड लपवत फिरलो. सोळाव्या दिवशी दुपारी दोन कप चहा घेऊन गेटवर आलो. माझ्या हातात चहा बघून तुम्ही खुर्ची रिकामी केलीत आणि स्वतः पाण्याच्या कॅनवर बसलात. मी विचारलं, आप्पा, तुमच्या विहिरीवर कसं करता? ह्याच्यापेक्षा सरळ विचारायची माझी हिंमत नव्हती.

तुम्ही रस्त्याकडचे खडे गोळा करून टेबलावर मांडलेत. तीन भावांची एक विहीर, एक मोटार. लाईट आल्याबरोबर मोटार उचलू द्यायची नाही, म्हणून तुम्ही तुमच्या स्टार्टरचा ऑटो वीस वर्षांपूर्वीच काढून टाकला होता. बाकीच्यांच्या मोटारी एकदम उचलतात, व्होल्टेज झोपतं, पाव तासानं सावरतं, मग आपली हातानं चालू करायची. पाळी ज्याची त्याची, पण राहिलेली पाळी साठवता येत नाही, आज नाही घेतली तर गेली. आणि पाळीच्याही आधी सकाळी विहिरीवर एकच प्रश्न विचारायचा: कुणाचं वाळतंय? ज्याचं पीक खरंच माना टाकतंय त्याला आधी पाणी, मग त्याची पाळी असो नसो. त्याच्या मागून बाकीचे. खोटं कुणी बोलत नाही का, असं मी विचारलं. "शेत उघडंच असतंय की साहेब," तुम्ही म्हणालात. "समद्यांना दिसतंय कुणाचं वाळतंय त्ये." मग दोन खडे उचलून बाजूला ठेवलेत आणि म्हणालात, ह्या दोन गाड्या आधी, ह्यांना रेक गाठायची हाय. बाकीच्या चार उभ्या ऱ्हाऊ द्या, त्यांचं काय वाळत न्हाई.

त्या खड्यांचा मी मोबाईलवर फोटो काढला. तो अजून माझ्याकडं आहे. त्यात तुमचा अंगठा आला आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालत होतो, पण आपण कधी बोललो नाही, म्हणून आता सांगतो. मी तुमच्या खड्यांचे चौकोन केले, चौकोनांना बाण जोडले आणि वर एक भारदस्त इंग्रजी नाव ठेवलं. शेतीच्या थ्री फेजचा आठवडा बघून चार्जिंगची वेळ बदलायची, दोनापेक्षा जास्त गाड्या एकदम लावायच्या नाहीत, रेकच्या निकडीनुसार क्रम ठरवायचा. खाली नाव माझं. आठ दिवसांत चार्जर ट्रिप व्हायचे थांबले. महिन्याभरात मी तुम्हाला यार्डात परत घेतलं आणि ते मोठ्या मनानं केल्यासारखं केलं. हेड ऑफिसनं कार्यक्रमात मला शाल दिली आणि यंत्रणा समजून घेणारा तरुण अधिकारी असं काहीतरी माझ्याबद्दल म्हटलं. तुम्ही शेवटच्या रांगेत होतात. टाळ्या वाजवत होतात. खरंच वाजवत होतात, मी बघत होतो, कारण मला दुसरीकडं बघवत नव्हतं.

परत आल्यावर रोज सकाळी तुम्ही चार्जरच्या शेडमध्ये उभे राहून मोठ्यानं विचारायचात, कुणाचं वाळतंय? आणि सलीम, बिहारचा मुन्ना, सगळे आपापल्या गाडीची टक्केवारी सांगायचे. मुन्ना तर त्याच्या हिंदीत म्हणायचा, आप्पा, मेरा सूख रहा है. ड्रायव्हर लोक त्या पद्धतीला माझ्या इंग्रजी नावानं कधीच ओळखत नव्हते. आप्पाची पाळी, एवढंच. मी केबिनमधून ऐकायचो आणि मला ऐकू येत नाही असं वागायचो.

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली. सहाही घोड्यांना झेंडूच्या माळा, आणि नारळ चाकाखाली फोडायचा की चार्जरपुढं ह्यावर जोरात चर्चा. ती तुम्हीच मिटवलीत, दोन नारळ आणून. पेढे वाटून झाल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. तुम्हाला काही मागायचं असलं की तुम्ही टोपी काढून हातात घ्यायचात, तशी घेतलीत.

"साहेब, त्या पत्राच्या जागी दुसरं पत्र देता येतं का हो?"

मला हसू आलं. जुनी बॅटरी देऊन नवी आणावी तसं तुम्ही बोलत होतात. मी म्हटलं, आप्पा, असं पत्र बदलून मिळत नसतं, आणि तसं कुणी बघतंय तरी कुठं तुमची फाईल. तुम्ही म्हणालात, "फाईलीचं न्हाई हो. बरं, बघा जमलं तर." मी म्हटलं, बघतो.

बघतो म्हटल्यावर माणूस काहीच बघत नाही, हे तुम्हाला माझ्याआधी कळलं असणार. तुम्ही पुन्हा विषय काढला नाहीत. माझ्या मनात तो रोज यायचा. पत्र मागं घ्यायचं तर कारण लिहावं लागलं असतं. कारण लिहायचं तर वेळापत्रक चुकीचं होतं हे लिहावं लागलं असतं, मग दुरुस्त कुणी केलं हेही, आणि मग त्या शालीचं काय करायचं? बंदरावर जायचं माझं ठरत आलं होतं. तिकडच्या मोठ्या यार्डात हीच पद्धत बसवायला मला बोलावणार होते. मी मनाशी म्हणायचो, एकदा ती ऑर्डर हातात येऊ दे, मग आप्पांचं बघू. ऑर्डर आली त्याच्या चौथ्या दिवशी तुम्ही कांद्याला पाणी द्यायला गेलात.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एचआरच्या बाईंकडं गेलो. पत्र मागं घ्यायचंय म्हटलं. त्यांनी तुमचा नंबर टाकला, स्क्रीन माझ्याकडं फिरवली. मयत कर्मचाऱ्याची फाईल बंद होते, त्यात आता काही काढता किंवा घालता येत नाही, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना वाटलं मला रडू तुमच्यासाठी येतंय. मी त्यांना तसं वाटू दिलं.

दहाव्याला नदीवर सगळं गाव होतं. माईकवरून एकेक जण बोलत होता, सोसायटीचे, दूध डेअरीचे, तुमच्या सोयऱ्यांकडचे. मग निवेदकानं माझं नाव घेतलं आणि म्हणाला, डेपोत विजेच्या गाड्यांची पाळी ज्यांनी सुरू केली ते साहेब कंपनीच्या वतीनं दोन शब्द बोलतील. सलीमनं मान खाली घातली. मी उठून माईकपर्यंत गेलो तेव्हा ठरवलं होतं. माईक हातात आला आणि मी म्हणालो की आप्पा कष्टाळू होते, प्रामाणिक होते, कंपनीच्या कुटुंबाची कधीही न भरून येणारी हानी झाली. दोन शब्दच बोललो. खाली येऊन बसलो. पिंडाला कावळा लगेच शिवला. माझ्या मागचे एक म्हातारे समाधानानं म्हणाले, किसनआप्पाचं कायबी राहिलं नव्हतं.

त्यानंतर मी सरळ परत निघणार होतो, पण तुमच्या मंडळींनी, माईंनी, निरोप पाठवला की साहेबांनी घरी चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. तुमच्या पडवीत तुमचा फोटो पाटावर ठेवलेला होता, कोट नसलेला, खरा. शेजारी समई. आणि फोटोला टेकवून उभं केलेलं ते पत्र. लॅमिनेशन केलेलं.

मला आधी ओळखूच आलं नाही. मग लेटरहेड दिसलं, शिक्का दिसला, माझी सही दिसली. माई म्हणाल्या, "त्यांना गेटवर खुर्ची मिळाली ना, तवाचं हाय. कंपनीनं मान दिला म्हणून मीच शिरूरला जाऊन प्लास्टिक करून आणलं. त्यांना म्हणायची, वाचून दावा, तर म्हणायचे इंग्रजीत हाय, तुला काय कळायचं." माई चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी सावकाश पण नीट वाचतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. त्यांनी पत्र पदरानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "तुमची सही हाय ना ह्याच्यावर? मग तुम्हीच वाचून दावा आता. एवढी माणसं हायती."

त्या पत्राच्या जागी दुसरं पत्र. आप्पा, मला तेव्हा कळलं तुम्ही काय मागत होतात. घरात कसल्या पत्राला मान मिळालाय हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मला लाज वाटेल म्हणून सांगितलं नाहीत, असं मला वाटतं, आणि ते सगळ्यात जास्त लागतं.

तुमची लेक मनीषा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कोरेगाव भीमाकडच्या एका कारखान्यात ऑफिसला असते, दिवसभर असलीच पत्रं टाईप करते. मी पत्र समोर धरलं आणि वाचायला लागलो.

मी वाचलं की श्री. किसन यांस कळवण्यात येते, आपल्या डेपोत विजेच्या गाड्या चार्ज करण्याची जी पद्धत चालू आहे ती तुमची आहे. ती तुम्ही तुमच्या विहिरीवरून आणली. आमचं वेळापत्रक चुकलं होतं, तुमचं बरोबर होतं. एप्रिलमध्ये रेकला उशीर झाला तो तुमच्यामुळं नाही, तुम्ही डाळिंबाचा माल वाचवला. हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. सांगायला उशीर झाला ही चूक खाली सही करणाऱ्याची आहे. इंग्रजी ओळींवरून माझं बोट बरोबर फिरत होतं, आणि मी त्यात नसलेलं एकेक वाक्य वाचत होतो. नदीवर माईकपुढं जे तोंडातून निघालं नव्हतं ते तुमच्या पडवीत, खोट्या पत्रातून, सगळं निघालं. दत्तू रडत होता. माईंनी पत्र परत घेतलं, होतं तसं फोटोला टेकवलं आणि म्हणाल्या, एवढं समदं त्यांनी मला कधी सांगितलंच न्हाई.

मनीषा मला गाडीपर्यंत सोडायला आली. म्हणाली, ते पत्र पहिल्या दिवशी आप्पांनी तिच्याकडूनच वाचून घेतलं होतं. आईला सांगू नको म्हणाले होते, नाहीतर ती डेपोत येईल भांडायला. मी तिच्याकडं बघू शकत नव्हतो. गाडीच्या किल्लीशी चाळा करत उभा होतो. ती रागावलेली नव्हती. माझ्यापुढं एखादं काम ठेवावं तसं ती म्हणाली, "साहेब, आता जसं वाचलंत तसंच लिहून द्या."

काल रविवार होता. मी डेपोत येऊन बसलो. मयताची फाईल बंद असते, पण लेटरहेडचा गठ्ठा माझ्या कपाटात असतो आणि सहीचा अधिकार अजून आहे. पडवीत वाचलं ते आठवून ओळीला ओळ लिहिलं. दोन ठिकाणी मी स्वतःला जरा सांभाळून घेतलं होतं, ते कागद फाडून पुन्हा लिहिले. एक प्रत हेड ऑफिसला पाठवली आहे, तुमच्या खड्यांच्या फोटोसकट. बंदरावर ही पद्धत समजावून सांगायला सलीमला पाठवा, त्याला ती मुळापासून येते, असंही खाली लिहिलं. तिकडून अजून उत्तर नाही. माझी ऑर्डर राहील की जाईल मला माहीत नाही, आणि मला त्याची काळजी वाटत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आज सकाळी चार्जरच्या शेडमध्ये सगळे नुसते उभे होते. विचारणारं कुणी नव्हतं. शेवटी मुन्नानंच विचारलं, मराठीत, आणि तुमच्यासारखंच शेवटी जरा ओढून. ज्याचं त्यानं सांगितलं. साडेआठला शिवारातल्या मोटारी उचलल्या, आम्ही पाव तास थांबलो, मग दोन गाड्या लावल्या.

उद्या पत्र घेऊन मांडवगणला येतोय. जुनं मी परत मागणार नाही, माईंना हवं तर राहू दे. नवं मी मराठीत लिहिलंय, आप्पा. ठळक अक्षरात. ते वाचून दाखवायला त्यांना माझी गरज पडणार नाही.